एक स्टार मिळालेल्या बाइक टूर फर्स्ट एड किटबद्दल दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीजवळ पाउच उघडला तर आयोडीन सांडलेलं, गॉजची पाकिटं भिजलेली आणि समोर मित्राचा गुडघा सोललेला. त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "सैल झाकणाची जुनी बाटली गळ्यात मारली" हे मान्य नाही. बाटली सीलबंद होती. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बिलावर आहे. मुळात आम्ही टूरच्या किटमध्ये पोव्हिडोन आयोडीनच्या मलमाची ट्यूबच घालतो. "ट्यूब पुरणार नाही, १०० मिलीची बाटली द्या" हा आग्रह तुमचा, तोही रात्री दुकान बंद करायच्या वेळेला. आणि बाटली का नको हे काउंटरवर सांगितलं होतं. पुणे साधारण ५६० मीटरवर, बारालाचा ४,८९० च्या आसपास. तिथे हवेचा दाब इथल्या साठ टक्क्यांच्या आत येतो. बाटलीत उरलेली हवा फुगते आणि बाटली आडवी असेल तर औषध आट्यांतून बाहेर ढकलते. सील शाबूत असेल तर सहसा निभावतं. तुम्ही मनालीतच ती वापरायला काढली, असं तुम्हीच लिहिलंय. एकदा सील फोडलेली बाटली चढण लागण्याआधी दाबून, आतली हवा काढून, दाबलेली असतानाच झाकण आवळायची. मग वेगळ्या झिपलॉक पिशवीत उभी ठेवायची. ती पिशवी किटमध्ये दिली होती. तुमच्याच फोटोत तिच्यात मोबाइलचा चार्जर दिसतोय.

दुसरं, किट उजव्या सॅडलबॅगेत तळाला, सायलेन्सरच्या बाजूला होतं. त्या उष्णतेने पट्ट्यांचा डिंक सरकतो, मग "चिकटतच नाहीत" होतं. शिवाय गाडी त्याच अंगावर पडली तर बॅग खाली अडकते आणि किट हाताला लागत नाही. त्याची जागा टँकबॅगेत किंवा मागच्या बॅगेत सगळ्यात वर.

"दोन पट्ट्या तेलकट, खराब निघाल्या, फेकून दिल्या" हे वाचून मात्र खरंच जिवाला लागलं. त्या पॅराफिन गॉजच्या होत्या, जखमेला चिकटू नयेत म्हणून तेलकटच असतात. फॉइलमध्ये बंद, त्यामुळे आयोडीन सांडलं तरी त्यांना काही होत नाही. सोललेल्या गुडघ्याला नेमक्या त्याच हव्या होत्या. आधी स्वच्छ पाण्याने खडी-माती धुवायची, वर पॅराफिन गॉज, त्यावर साधा गॉज, मग १० सेंटिमीटरचं क्रेप बँडेज, बोटं गार किंवा बधिर पडणार नाहीत इतकंच आवळून. तुम्ही थेट कापूस लावलात. कापसाचे तंतू जखमेत सुकून बसतात आणि काढताना खपली घेऊन येतात. हे पाउच देताना आम्ही सांगायला हवं होतं, घाईत राहिलं. ही चूक आमची.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ते डायमॉक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दिलं नाही, म्हणून "किट अर्धवट". ते औषध चिठ्ठीवरच मिळतं आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्याला त्याचा धोका असतो. साधारणपणे ते चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, म्हणून डॉक्टरांना निघायच्या आधी भेटायचं. सरचूसारख्या उंचावरच्या मुक्कामाला डोकं दुखलं, तर किटमधली पॅरासिटॅमॉल घ्यावी आणि आणखी वर जाऊ नये. त्रास वाढला तर रात्र असो की दिवस, खाली उतरावं. ह्याला गोळी पर्याय नाही.

१,४८० रुपयांना "लूट" म्हणालात. त्यात जॅकेट कापता येईल अशी कात्री, हात गळ्यात अडकवायच्या झोळीसाठी दोन त्रिकोणी बँडेज (बाइकवरून पडल्यावर हासडीचं हाड मोडणं नेहमीचं), नायट्राइल हातमोज्यांचे दोन जोड, एक-एक लिटरची ओआरएसची चार पाकिटं आणि वरचं सगळं आहे. कशावरही छापील किमतीपेक्षा रुपया जास्त लावलेला नाही. बिल पुन्हा एकदा पाहावं.

पुढच्या किटमध्ये काय कशासाठी, ह्याचा मराठीत कागद घालायचं बघतो. बाटली देणं बहुतेक बंदच करू. भिजलेला गॉज बदलून देतो, बिल नसलं तरी चालेल. फक्त रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, आणि शक्यतो रात्री साडेनऊच्या आत यावं.