ठोके, सेकंद आणि अ‍ॅपची निवड : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उच्च तीव्रतेच्या अंतराल व्यायामासाठी, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मग थोडी विश्रांती अशा फेऱ्यांच्या, आता सगळे ज्याला ‘हिट’ म्हणतात त्या व्यायामासाठी, मोबाइलवर साधा इंटरव्हल टायमर पुरेसा आहे, हृदयाचे ठोके आणि कॅलरी दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या मागे लागू नये, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. ठोके दिसलेच नाहीत तर तीव्रता ‘उच्च’ आहे हे ठरवायचे कशावरून, हा पहिला. आणि घरी एकट्याने सुरुवात करणाऱ्या माणसाच्या हाती नुसता टायमर देणे बेजबाबदारपणाचे आहे, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. पहिला निम्मा मान्य आहे, आणि ती विभागणी नेमकी कुठे होते हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण अ‍ॅपची निवड त्यावरच अवलंबून आहे.

आपण तबाता पद्धतीचा दाखला दिला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. जपानमधील इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 20 सेकंद जोर आणि 10 सेकंद विश्रांती अशा 7 ते 8 फेऱ्या होत्या. त्या प्रयोगातील तीव्रता ठोक्यांवरून ठरवलेली नव्हती. व्यायामाच्या स्थिर सायकलवरचा भार प्रत्येकाच्या कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या, म्हणजे शरीर जास्तीत जास्त जितका ऑक्सिजन वापरू शकते त्या मर्यादेला लागणाऱ्या भाराच्या, सुमारे 170 टक्के इतका ठेवला होता आणि पायडलचा ठरलेला वेग टिकेनासा झाला की व्यायाम थांबवला जात असे. तीव्रतेचे माप बाहेर, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामात होते. यामागचे कारण साधे आहे : स्नायू पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावू शकतात, हृदयाला मात्र त्या मागणीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. 20 सेकंदांच्या फेरीत आपण जीव तोडून बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकणे आणि पुन्हा उठून उडी मारणे) करत असताना पडद्यावरचा आकडा मागेच रेंगाळतो आणि कित्येकदा आपण विश्रांतीला थांबल्यावर वर चढतो. त्या आकड्याकडे पाहून जोर वाढवणारा माणूस फेरी संपल्यानंतरच्या माहितीवर निर्णय घेत असतो.

त्यात मनगटावरच्या घड्याळाची अडचण मिसळते. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्तप्रवाहातील चढउतार टिपते. हात वेगाने हलला, मूठ आवळली किंवा पट्टा सैल झाला की संकेत बिघडतो. दोरीवरच्या उड्या, केटलबेल (मुठीचे वजन) उचलणे आणि पुशअप या तिन्हींत नेमके हेच घडते. छातीला बांधायचा पट्टा हृदयाची विद्युत-क्रिया मोजत असल्याने तो बराच अधिक विश्वासार्ह असतो.

आता आपला बरोबर असलेला भाग. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी रुळवलेल्या ‘चार गुणिले चार’ पद्धतीत 4 मिनिटांचे चार टप्पे कमाल हृदयगतीच्या सुमारे 90 टक्क्यांवर किंवा त्याहून थोडे वर करायचे असतात आणि मध्ये 3 मिनिटे हलकी हालचाल करायची असते. इतक्या लांब टप्प्यात ठोक्यांना स्थिरावायला अवधी मिळतो, त्यामुळे तिथे हृदयगती खरोखर मार्गदर्शन करते. आपण टेकडीच्या चढावर छातीचा पट्टा बांधून हाच व्यायाम करता, असे आपण लिहिले आहे. आपल्यासाठी पट्ट्याशी जोडले जाणारे अ‍ॅपच योग्य आहे, आणि मी सर्व प्रकारच्या अंतराल व्यायामाला एकच नियम लावला ही माझी चूक होती. फक्त एक गोष्ट तपासून पाहावी : आपले अ‍ॅप कमाल हृदयगती कशी ठरवते? बहुतेक अ‍ॅप 220 मधून वय वजा करतात. साठीच्या व्यक्तीसाठी हे उत्तर 160 येते. 2001 मध्ये मांडलेल्या, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करण्याच्या सूत्राने ते 166 येते. आणि दोन्ही सूत्रे सरासरी सांगत असल्याने एखाद्या माणसाचा खरा आकडा त्यापासून 10-12 ठोके सहज दूर असू शकतो. म्हणून कमाल आकडा हाताने बदलता येत नसेल असे अ‍ॅप मी या व्यायामासाठी घेणार नाही.

कॅलरीच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांची ठोके मोजण्यातील चूक 5 टक्क्यांच्या आत होती; पण खर्च झालेली ऊर्जा सांगताना सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले. तेही चालणे, धावणे, सायकल अशा एकसारख्या हालचालींत. त्या आकड्याच्या भरवशावर रात्रीचे जेवण ठरवणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा मुद्दा मला सोडवत नाही.

मग छोट्या फेऱ्यांसाठी अ‍ॅपकडून काय मागायचे? सर्वांत आधी आवाज. मी एकदा वर्षाची वर्गणी भरून एक देखणे अ‍ॅप घेतले होते. पडदा बंद झाला की तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून त्याची शिट्टी ऐकू येईनाशी व्हायची, आणि मी जोर लावण्याऐवजी फोनकडे पाहत बसायचे. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली अ‍ॅप बंद करतात. टायमरचे अ‍ॅप असे बंद होऊ नये म्हणून त्याला सेटिंगमधून सूट द्यावी लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी फोन कुलूपबंद करून, गाणी लावून, पूर्ण सत्र एकदा चालवून पाहावे. फेरी आणि विश्रांती यांचे सेकंद वेगवेगळे बदलता यावेत, वॉर्म-अपचा वेळ वेगळा धरता यावा. टायमरला आपले संपर्क किंवा आपले ठिकाण कळण्याची काहीच गरज नाही. ती परवानगी मागणारे अ‍ॅप मी काढून टाकते.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. ज्याने आयुष्यात स्क्वॉट (उठाबशीसारखी बैठक) नीट केलेला नाही, त्याला घाईने स्क्वॉट करायला लावणारा टायमर गुडघ्यांना महागात पडतो. आपण म्हणता तसे त्याला आधी हालचाल हळू दाखवणारे, चित्रफीत थांबवू देणारे आणि उडीऐवजी पायऱ्या चढण्यासारखा पर्याय देणारे अ‍ॅप हवे, आणि शक्य असेल तर काही दिवस जाणकार प्रशिक्षकाची नजरही हवी. लोकप्रिय सात मिनिटांच्या व्यायामाचेही तसेच आहे : 2013 च्या मूळ लेखात 12 व्यायामांचे हे आवर्तन दोन ते तीन वेळा करण्याची सूचना होती, आणि ती अनेक अ‍ॅपमध्ये दिसतच नाही.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा उल्लेख माझ्या लेखात राहून गेला होता, तोही आपल्यामुळे लक्षात आला. या औषधांनी ठोके मुळातच कमी राहतात. अशा व्यक्तीला अ‍ॅप ‘अजून जोर लावा’ असे सुचवत राहते, आणि ती सूचना पाळणे धोक्याचे ठरू शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हा व्यायाम सुरू करावा आणि तीव्रता श्वासावरून ओळखावी : पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर जोर कमी आहे, दोन-तीन शब्दांवर धाप लागत असेल तर पुरेसा आहे. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर फेरी पुरी करण्याचा विचारही करू नये. माझ्या लेखात हा परिच्छेद मी आज सर्वांत वर घातला आहे आणि ‘साधा टायमर पुरेसा आहे’ या वाक्यापुढे ‘एक मिनिटापेक्षा लहान फेऱ्यांसाठी’ असे शब्द जोडले आहेत.