‘टेस्टला आला, पालकांना नाही’ या तुमच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आमच्या बल्क एसएमएस सेवेला तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की टेस्ट मेसेज पाच सेकंदांत आला, खरे मेसेज मात्र पॅनेलवर ‘सेंट’ दिसूनही कित्येक पालकांना मिळाले नाहीत, आणि वर एका मेसेजला दोन क्रेडिट कापले. परीक्षा पुढे ढकलल्याचा निरोप न मिळाल्यामुळे रविवारी सकाळी मुलं क्लासच्या बंद दारापाशी येऊन थांबली. याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

काल तुमच्या खात्याचा लॉग मी स्वतः ओळ न् ओळ पाहिला. 38 मेसेज अडले होते आणि त्या प्रत्येकात विद्यार्थ्याचं नाव लांब होतं. डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक मेसेज आधी नोंदवून घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेवर, मंजूर झालेल्या तुमच्या टेम्प्लेटमध्ये (मेसेजच्या ठरलेल्या साच्यात) नावाच्या जागी 30 कॅरेक्टरच बसतात. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत ती 10 होतात. पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव आलं की 30 सहज ओलांडतात. मग मेसेज टेम्प्लेटशी जुळत नाही आणि ऑपरेटरकडेच अडतो. टेस्ट करताना आमच्या ऑफिसातल्या मुलाने नावाच्या जागी ‘राम’ टाकलं होतं. तो मेसेज जाणारच होता! यादीतलं सगळ्यात लांब नाव घालून बघणं हे आमचं काम होतं, तुमचं नाही.

‘सेंट’बद्दलचा तुमचा रागही रास्त आहे. आमच्या सर्व्हरने मेसेज पुढे दिला आणि पलीकडून त्याचा आयडी आला, एवढ्यावरच पॅनेल हिरवं होत होतं. फोनवर पोचला की नाही, ते मागाहून येणाऱ्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये कळतं. त्या 38 नंबरांचे ‘रिजेक्टेड’ रिपोर्ट आमच्याकडे आले होते, पॅनेलने ते तुम्हाला दाखवले नाहीत. आता रिपोर्ट येईपर्यंत ‘वाट पाहत आहे’ असंच दिसेल.

दोन क्रेडिटचा हिशेब मात्र बरोबर आहे. इंग्रजीत एका मेसेजमध्ये 160 कॅरेक्टर मावतात, मराठीत 70. त्यापुढे गेला की 67-67चे तुकडे पडतात. तुमचा मेसेज 112चा होता, म्हणून दोन तुकडे आणि दोन क्रेडिट. हे पाठवण्याआधीच पडद्यावर दिसायला हवं होतं, ते आता दिसतं. पण पैसे वाचवायला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू नका, ही विनंती. घरातल्या आजीलाही वाचता येईल असाच मेसेज जावा.

यापुढे साध्या सिमवरून पाठवीन, असंही तुम्ही म्हटलंय. ते कृपया करू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018च्या नियमांनुसार असे मेसेज नोंदणीकृत हेडरवरूनच, म्हणजे नंबरऐवजी दिसणाऱ्या नोंदवलेल्या नावावरूनच, जायला हवेत. तक्रार झाली तर तुमचा रोजचा नंबर बंद होऊ शकतो.

अडलेल्या मेसेजचे 76 क्रेडिट खात्यात परत जमा केले आहेत. नाव आणि आडनाव यांना वेगळी जागा दिलेलं टेम्प्लेट मंजुरीला टाकलं आहे. ते आलं की तुमच्या यादीतली सगळ्यात लांब दहा नावं घेऊन, चारही कंपन्यांच्या सिमवर, मी स्वतः क्लासमध्ये येऊन तुमच्यासमोर टेस्ट करून दाखवतो.