लंडनची साक्ष, दादरचे पारवे

२०२५च्या ऑगस्टमध्ये दाणे टाकता येऊ नयेत म्हणून दादर कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री जमावानं फाडली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडले. मुक्या जिवांचे तळतळाट घेऊ नका, हा एक. लंडनला बघा, दाणे टाकले की दंड, हा दुसरा. मी लंडनला राहतो म्हणून मला साक्षीला ओढलं.

साक्ष देतो, पण पूर्ण. ट्रफाल्गर चौकात परवाना घेऊन दाणे विकले जात. २००१ मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी आधी ती विक्री थांबवली. पक्षिप्रेमी भांडले, मग तडजोड झाली: दाणे हळूहळू कमी करत जायचे. चौकात दाणे टाकायला बंदी २००३ मध्ये आली आणि चौकाच्या उत्तरेकडच्या उंच भागात (नॉर्थ टेरेस) तर थेट २००७ मध्ये. सहा वर्षं लागली! मुंबईत जुलैमध्ये विधान परिषदेत ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली आणि महिनाभरात ताडपत्री चढली. तंटा होणारच होता.

तरी मी बंदीच्याच बाजूचा. इंग्लंडात शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा एक आजार ओळखीचा आहे, ‘बर्ड फॅन्सिअर्स लंग’. जंतूंचा संसर्ग नव्हे हा. पिसांच्या भुकटीतली आणि विष्ठेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून आत जातात, काहींचं शरीर त्यांच्यावर उलटतं आणि फुप्फुस सुजतं. सगळ्यांना होत नाही. पण एकदा तिथे व्रण धरले की ते भरून येत नाहीत. इथला कबुतरबाज हौसेनं खुराड्यात शिरतो. दादरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीनं कसली हौस केली होती?

‘आपण नाही का कावळ्याला घास ठेवत?’ असं काकानं विचारलं. ठेवतो की. पण पितृपक्षात, एका पानावर. रोज पोती ओतत नाही. आणि हे जैन-मराठी भांडण करून टाकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. चौपाटीवर चणे उधळणारे काय सगळे एकाच धर्माचे असतात?

आईला मात्र फोनवर बजावलंय, छज्ज्यावरची वाळलेली घाण कोरडी खरवडू नकोस, आधी पाणी मार, चांगला मास्क लाव.

‘मास्क कशाला, पदर आहे की,’ म्हणाली.