घोडबंदर रोडला आणखी लेन नको, बसला वाट द्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: ठाण्याचा घोडबंदर रोड रुंद करा, ट्रक बंद करा, गाड्या इलेक्ट्रिक करा, मेट्रो सुरू करा, कोंडी, धूर आणि पेट्रोलचा खर्च, तिन्ही मिटतील. बसवर मात्र पैसे घालवू नका, कारण ‘बसने आता कोणी जात नाही’. लिहिणाऱ्याचा त्रास खरा आहे, मीही रोज त्याच रस्त्यावर अडकते. पण यातले बरेच उपाय आपल्याला आणखी खोलात नेतील.

आधी रुंदीकरण. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, इतके उड्डाणपूल झाले. पूल उतरलं की पुढे पुन्हा रांग आहेच. रस्ता जरा मोकळा दिसला की कालपर्यंत ट्रेनने जाणारा माणूस गाडी काढतो, कडेला नवे टॉवर उभे राहतात आणि त्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या याच रस्त्यावर येतात. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून झाला, काही ठिकाणी तब्बल २६ लेन. २०११ ते २०१४ या काळात गर्दीच्या वेळेचा प्रवास तिथे उलट लांबला. आणि आपल्याकडे एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. रुंद करून करून किती करणार?

ट्रकचा मुद्दा मला मान्य आहे. न्हावा शेवाहून गुजरातकडे जाणारे कंटेनर मुंब्रा बायपास, खारेगाव करत याच रस्त्याने जातात. त्यांच्या वेळा कडक पाळायला हव्यात आणि जितका माल रेल्वेवर जाईल तितका घालवायला हवा. पण सकाळी साडेआठला माझ्या बसच्या खिडकीतून दिसतात त्या बहुतेक कार, आणि बहुतेक कारमध्ये एकटा चालक.

याच कार उद्या इलेक्ट्रिक झाल्या तरी रस्त्यावर जागा तेवढीच अडवणार. धूर जाईल, ते मोठंच काम आहे. टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून उडणारी बारीक धूळ मात्र राहील. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, म्हणून वीज हवीच. पण ती आधी दिवसभर पळणाऱ्या वाहनांना द्या. बस आणि रिक्षा एका दिवसात जितकं धावतात, तितकी आपल्या पार्किंगमधली गाडी आठवड्यातही धावत नाही. तेल वाचवायचं तर सुरुवात तिथून.

मेट्रो हवीच. पण मेट्रो ४ चा मार्ग कासारवडवलीपर्यंत आहे तो मुख्य रस्त्यावरून. रस्त्यापासून आत असलेल्या कोलशेत, ढोकाळी, ब्रह्मांडच्या माणसाला स्टेशनपर्यंत कोण पोचवणार? छोटी बस नसेल तर तो गाडीच काढेल.

आता ‘बसने कोणी जात नाही’. सकाळी आठला वाघबीळच्या थांब्यावर या. शेडसमोर दोन रिक्षा आणि ओळीने बाइक लागलेल्या असतात, त्यामुळे बसला कडेला येताच येत नाही. ती दुसऱ्या लेनमध्ये थांबते, मागून हॉर्न सुरू होतात आणि माणसं चालत्या ट्रॅफिकमधून धावतात. परवा एका आजींच्या दोन बस अशाच सुटल्या. हातात औषधांची पिशवी, पायरीपर्यंत पोचेस्तोवर डबल बेल. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने खाली उतरून त्यांना हात दिला. बसला माणसं आहेत हो, माणसांना बस मिळत नाही.

आणि मिळत का नाही? समजा एका मार्गावर बारा बस आहेत. फेरी एका तासात पूर्ण झाली तर थांब्यावर दर पाच मिनिटांनी बस येते. कोंडीमुळे त्याच फेरीला दोन तास लागले तर दहा मिनिटांनी. बस तेवढ्याच, डिझेल आणि पगार मात्र प्रत्येक फेरीमागे जास्त. मग लोक कंटाळून स्कूटर घेतात आणि कोंडी आणखी वाढते. बसला स्वतःची लेन दिली तर एकही नवी बस न घेता फेऱ्या वाढतात. पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनची योजना, फसली, असं कोणी म्हणेल. २००६ पासून तिथे काय झालं ते आठवा: लेन आखल्या, पण त्यात इतर गाड्या शिरत राहिल्या. राखायची नसेल तर लेन आखूच नये.

गर्दीच्या वेळी गाडी आणल्याबद्दल गाडीवाल्यांवर शुल्क लावायचं का, यावर भांडणं होतील. मला विचाराल तर हो, पण आधी बस, मग शुल्क. स्टॉकहोमने तेच केलं. २००५ मध्ये जादा बस सोडल्या आणि २००६ च्या जानेवारीत सात महिन्यांसाठी कोंडी शुल्क लावून पाहिलं. शहरात शिरणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या, प्रयोग थांबताच पुन्हा वाढल्या. मग लोकांचं मत घेतलं आणि २००७ पासून शुल्क कायमचं झालं. आपल्याकडे निदान मुख्य रस्त्याच्या कडेला फुकट गाडी लावणं बंद व्हावं.

वाघबीळच्या थांब्यासमोरची साठ-सत्तर फूट जागा मोकळी ठेवायला पूल लागत नाही की टेंडर. तेवढ्याच मागणीचं पत्र मी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलंय. सह्यांची वही गेटवरच्या वॉचमनकडे आहे.