चांगल्या डॉक्टरला गुणवत्तेचा कोर्स कशाला?

डॉक्टरांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘डॉक्टर मन लावून काम करत असेल तर चुका होत नाहीत. फार तर एक चेकलिस्ट भिंतीवर लावा. गुणवत्ता सुधारणा आणि रुग्णसुरक्षेचं प्रगत प्रशिक्षण म्हणजे आलेख काढायची शिकवणी. तो वेळ पेशंटला द्या.’ लिहिणाऱ्याची कळकळ खरी वाटते, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी ते ‘मन लावून’. व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं औषध शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं, तर पेशंट बहुतेक वेळा दगावतो. अडचण अशी, की त्याच पेशंटला कण्यातून द्यायचं दुसरं औषधही सिरिंजमध्येच भरून येतं. लेबलांवर ठळक इशारे छापून झाले, तरी वेगवेगळ्या देशांत तीच चूक होत राहिली. त्या सिरिंज हातात धरणारे सगळे बेफिकीर होते, असं म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत पातळ करून द्या. पिशवी कण्यात द्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. रात्री तीन वाजता, सलग ड्युटीनंतरही नाही. असा विचार करणं एमबीबीएसला सहसा कुणी शिकवत नाही.

आता भिंतीवरची चेकलिस्ट. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-चेकलिस्टचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास २००९ मध्ये आला: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ती सगळीकडे सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये छापून आले, त्यात म्हणण्यासारखा फरकच नाही. अभ्यासाचा काळ लहान होता ही टीका रास्त आहे. पण ज्याने ऑपरेशन थिएटर पाहिलंय त्याला हे नवल वाटणार नाही. सर्जन हात धुतोय, भूलतज्ज्ञ मॉनिटरवरची नजर न हलवता ‘हो, हो’ म्हणतोय, आणि सिस्टर सगळ्या रकान्यांवर एकदम टिक करून मोकळी होते.

याच्या उलट अमेरिकेतलं मिशिगन राज्य. पीटर प्रोनोव्होस्ट या आयसीयूतल्या डॉक्टरांनी तिथल्या शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये मुख्य शिरेतल्या नळीच्या जंतुसंसर्गावर काम केलं. हात धुणं, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, नको असलेली नळी काढून टाकणं अशा पाच गोष्टी. एकही नवी नव्हती. नवं होतं ते बाकीचं: लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीत, पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायची मुभा नर्सला, आणि संसर्गाचे आकडे नियमितपणे त्याच टीमसमोर. २००६ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, नळीच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचं सरासरी प्रमाण दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आलं. प्रशिक्षणात शिकायचं असतं ते हे ‘बाकीचं’.

आलेखांची थट्टाही जरा महागात पडते. समजा, वॉर्डात पेशंट पडण्याच्या घटना महिन्यागणिक ५, ७, ४, ६, ३. सातच्या महिन्यात मीटिंगमध्ये खडसावणी, तीनच्या महिन्यात पेढे. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नाही. आकडे नेहमीसारखे वरखाली झाले. तेच आलेखावर मांडले आणि मध्यरेषेच्या (निम्मे बिंदू वर, निम्मे खाली अशी रेषा) एकाच बाजूला सलग सहा बिंदू पडले की मग कान टवकारायचे. एवढं कळलं तरी निम्म्या मीटिंगा वाचतील.

वेळेचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. दोन दिवस स्लाइड बघून सर्टिफिकेट आणणं हा वेळेचा अपव्ययच. पण अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये याच विषयाची दोन वर्षांची फेलोशिप चालते, आणि तिथे शिकणाऱ्याला सुधारणेचं काम प्रत्यक्ष हाती घ्यावं लागतं. आणि वेळेचाच हिशेब मांडायचा, तर नळीतून जंतू गेलेला पेशंट आयसीयूत किती दिवस जास्त पडून राहतो, तेही त्यात धरा.