इंग्लंडची बातमी, फोंड्याच्या गोळ्या

इंग्लंडात छापून आलेली बातमी गोव्यातल्या फोंड्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत तिच्यातलं मूळचं काय उरलं, हे शोधावं लागतं. ‘नैराश्याच्या गोळ्यांचं बिंग फुटलं! सेरोटोनिनचा आणि उदासीचा संबंधच नाही, लंडनच्या प्रोफेसरबाईंनी सिद्ध केलं!’ अशा मथळ्याचा व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतो. पाठवणारा दर वेळी नवा, आवेश तोच. मी इंग्लंडात स्विंडनला औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे खाली माझ्या नावाने प्रश्न येतो, ‘‘काय गो, खरं का हे?’’

मूळ गोष्ट अशी. जुलै २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि म्हटलं, की सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला भक्कम पुरावा सापडत नाही. गोळ्यांचा गुण येतो की नाही, हा त्या आढाव्याचा विषयच नव्हता. बाईंचं स्वतःचं मत गोळ्यांबद्दल प्रतिकूल आहे, ते त्या लपवत नाहीत. पण गोळ्या एकदम बंद करू नका, हे त्याही सांगतात. आमच्या ग्रुपवरच्या व्हिडिओत नेमकं एवढंच वाक्य नव्हतं.

इथला वाद मात्र पोकळ नाही. इंग्लंडात २०२३-२४ या एका वर्षात सुमारे ८७ लाख लोकांना या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. त्यांतले काही रोज माझ्या काउंटरवर येतात. कागदी पिशवी, वर नाव-पत्ता, आत गोळ्या, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पुढच्या आढाव्याची, म्हणजे डॉक्टरला पुन्हा दाखवायची, तारीख छापलेली असते, आणि ती पुष्कळदा कधीच उलटून गेलेली असते. घेणारा बघत नाही, देणाऱ्यांतलेही सगळे बघतात असं नाही. घटस्फोटाच्या वेळी सुरू झालेली गोळी दुसऱ्या लग्नाचं मूल शाळेत जायला लागलं तरी चालूच. मधल्या काळात कुणी ‘चालू ठेवा’ म्हणालं नाही, कुणी ‘थांबवा’ही म्हणालं नाही. संगणक चिठ्ठी सोडत गेला, आम्ही पिशव्या भरत गेलो.

वर्षानुवर्षं गोळी घेतल्याने होतं तरी काय? पहिली गोष्ट, या औषधांच्या बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या असतात, आणि माणसं ती दहा-दहा, वीस-वीस वर्षं घेतात. त्यामुळे छातीठोकपणे बोलणाऱ्यापासून, मग तो कोणत्याही बाजूचा असो, चार पावलं लांब राहिलेलं बरं. जे ठाऊक आहे ते असं. वजन काहींचं वाढतं. कामेच्छा मंदावते किंवा शरीर साथ देत नाही. ही तक्रार फार जणांची असते, आणि काहींच्या बाबतीत गोळी थांबवल्यावरही ती टिकते, असं औषधाच्या माहितीपत्रकावर नमूद करायला युरोपियन औषध यंत्रणेने २०१९ मध्ये सांगितलं. कित्येकांना मन बधिर झाल्यासारखं वाटतं. रडू येत नाही, पण हसूही वरवरचं. एका गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं, आई गेली तेव्हा सगळे विधी त्याने व्यवस्थित पार पाडले आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्याला त्याचं वाईट वाटत होतं, म्हणजे वाईट वाटायला हवं असं वाटत होतं. त्याच गोळीमुळे तो त्याआधीची काही वर्षं कामावर जाऊ शकला होता, हेही त्यानेच सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि वाद घालणारे त्यातली आपल्या सोयीची एक उचलतात.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, ‘आजीचं सोडियम खाली गेलं, बडबडायला लागली, हॉस्पिटलात घातलंय.’ नैराश्याच्या या गोळ्यांनी वयस्करांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि जोडीला लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असली तर धोका आणखी वाढतो. अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या सोबत असल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यताही वाढते. रक्ताची एक साधी तपासणी सोडियमचं सांगून टाकते. पण ती करायची तर आजी ही गोळी घेते हे कुणाच्या तरी लक्षात असावं लागतं. दहा वर्षांच्या गोळीचं तेच होतं, ती घरच्यांच्या हिशेबातून निघून जाते.

आता सोडण्याचं. ‘सोडताना थोडा त्रास होतो, आठवड्याभरात जातो’ असं इथले अधिकृत सल्ले बरीच वर्षं सांगत होते. २०१९ मध्ये इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने भूमिका बदलली आणि मान्य केलं, की काहींना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतो. चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं. गोळी सोडल्यावर थोड्याच दिवसांत हे सुरू होतं, आणि मूळ आजारच उलटला असं सगळ्यांना वाटतं. २०२४ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांची बेरीज आली: गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. गंमत म्हणजे, ज्यांना औषधच नसलेली खोटी गोळी दिली होती त्यांच्यातही १७ टक्क्यांना तो झाला.

हे वाचताना मला पणजीचा आबे फारिया आठवला. जुन्या सचिवालयाशेजारचा तो काळा पुतळा, बाईवर हात पसरून उभा असलेला. लहानपणी तिथून जाताना मी आईचा हात घट्ट धरायचे. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसला जाऊन सांगितलं, की मोहनिद्रेची, म्हणजे संमोहनाची, शक्ती मोहिनी घालणाऱ्यात नसते, समोरच्याच्या मनात आणि त्याच्या अपेक्षेत असते. ते १७ टक्के त्याला अजिबात नवल वाटण्याजोगे वाटले नसते. पण ३१ आणि १७ मधला उरलेला फरक खराच आहे. तो मनाचा खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एकदा पॅरोक्सेटिन किंवा वेनलाफॅक्सिन एकदम सोडलेल्या माणसाशेजारी रात्र काढावी. या दोन गोळ्या शरीरातून भराभर निघून जातात म्हणून त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन रेंगाळतं, म्हणून त्याचा कमी.

सावकाश सोडायची तर किती सावकाश? देवळाच्या तळीत उतरताना वरच्या पायऱ्या बुटक्या असाव्यात आणि शेवटची एकदम पुरुषभर उंचीची, तसा हा प्रकार आहे. या औषधांचा मेंदूवरचा बहुतेक परिणाम लहान मात्रेतच होऊन जातो. त्यामुळे वीस मिलिग्रॅमचे दहा करताना फारसं जाणवत नाही. पाचवरून शून्यावर येताना माणूस कोसळतो. म्हणून इथे काही वेळा शेवटी शेवटी पातळ औषध थेंबांनी मोजून देतात.

आणि सोडावी की नाही, यालाही ठरीव उत्तर नाही. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या, आता बरं वाटणाऱ्या ४७८ जणांवर इथे झालेली चाचणी २०२१ मध्ये छापून आली. ज्यांची गोळी हळूहळू बंद केली त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांचं नैराश्य वर्षभरात उलटलं, ज्यांची चालू ठेवली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांचं. गोळीच्या बाजूचे म्हणतात, बघा, उपयोग होतो. विरोधातले म्हणतात, बघा, सोडलेल्यांपैकी शंभरात ४४ जणांचं नैराश्य उलटलं नाही. दोघेही बरोबर वाचतात. मी त्यातून एवढंच काढते, की विचारल्याशिवाय, बघितल्याशिवाय कुणाचंही ठरवता येणार नाही. इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानेही २०२२ मध्ये तेच लिहिलं: गोळी चालू ठेवणाऱ्याचा किमान सहा महिन्यांतून एकदा आढावा घ्यावा. होतो का? वर चिठ्ठीचं सांगितलंच.

हा झाला इंग्लंडचा तंटा. गोळी सहज मिळते, फार जण फार वर्षं घेतात, अशा देशाचा. तो जसाच्या तसा उचलून गोव्यात आणला की काय होतं ते मला मडकईच्या मावशीच्या घरी दिसलं.

काका गेले त्या वर्षी मावशीला एका खाजगी दवाखान्यात गोळी सुरू झाली. रिकामी स्ट्रिप फार्मसीत दाखवायची, दुकानातला पोरगा तसलीच दुसरी काढून देतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं तिच्या पाठीमागे छापलेलं असतं. ते वाचायला वेळ कुणाला. अशी कैक वर्षं गेली. मग मावसभावाने तो व्हिडिओ बघितला आणि एका रात्रीत सगळं थांबवलं. मला फोनवर मावशीच म्हणाली, ‘‘हांवें गुळयो बंद केल्यो,’’ आणि आवाजात थोडा अभिमान होता. तीन-चार दिवसांत तिला झोप लागेना, हात थरथरू लागले, डोक्यात वीज चमकते म्हणू लागली. घरच्यांनी निदान केलं, आजार उलटला. देवीला कौल लावायचं ठरलं. कौलाला माझी हरकत नव्हती. मी म्हटलं, त्याआधी स्ट्रिपचा फोटो पाठवा.

फोटोत एका गोळीत दोन औषधं होती, एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम. असली जोडगोळी आपल्या देशात सर्रास विकली जाते; स्विंडनच्या फडताळात मी ती कधी पाहिलेली नाही. क्लोनाझेपाम झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांच्या कुळातलं. त्याची शरीराला सवय लागते, आणि वर्षांनंतर एकदम तोडलं तर आकडीसुद्धा येऊ शकते. म्हणजे वाद एस्सिटालोप्रामच्या नावाने पेटला होता आणि घरातला मोठा धोका दुसऱ्याच औषधाचा होता. लंडनच्या कुठल्याही आढाव्यात ही गोळी सापडणार नाही, कारण हा प्रश्न त्यांचा नाहीच.

आपला प्रश्न आणखीही आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत (त्यात गोवा नव्हता) नैराश्य असलेल्यांपैकी शंभरात ऐंशीहून जास्त लोकांना उपचारच मिळत नव्हते. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेलेल्याची गावभर विचारपूस होते. तिथल्याच मनोरुग्णालयात गेलेल्याचं नाव कुणी काढत नाही. मुलीचं लग्न ठरलं की पहिलं काम म्हणजे तिच्या गोळ्या बंद. आजार बरा झाला म्हणून नव्हे, सासरी पर्समध्ये सापडू नयेत म्हणून. अशा ठिकाणी ‘गोळ्या फसव्या’ हा व्हिडिओ कुणाचीही सुटका करत नाही. ज्यांना गोळीची गरज आहे त्यांना तो आणखी लपवायला लावतो, आणि जे विनाकारण वर्षानुवर्षं घेतात त्यांना एका झटक्यात सोडायला लावतो.

चीड येते ती याची, की या विषयावर गोव्याला परक्याची शिकवणी लावायची गरजच नव्हती. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये गोव्यातल्याच ४५० रुग्णांवरची चाचणी आली होती: दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, आणि समुपदेशन तेव्हा तरी सरस ठरलं नाही. संशोधक तिथे थांबले नाहीत. पर्वरीच्या ‘संगत’ संस्थेने समुपदेशनाची पद्धतच नव्याने घडवली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, सहा ते आठ बैठका. २०१७ मध्ये निकाल छापून आला: तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांत, बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत आजारातून बाहेर आले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. जगभर हे वाचलं जातं. आमच्या ग्रुपवर मात्र हा अभ्यास कुणीच पुढे पाठवला नाही. गोव्याची बातमी गोव्यात कोण वाचणार!

मावशीला शेवटी बांबोळीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने आधी सोडियम तपासलं, जोडगोळी फोडून दोन वेगळ्या गोळ्या केल्या, आणि क्लोनाझेपाम कित्येक महिन्यांत थोडं थोडं कमी करायचं ठरवलं. एस्सिटालोप्राम सध्या राहू दे म्हणाली. मावशीलाही ते सोडायचं नाही. तिचं म्हणणं, काका गेल्यानंतरचं पहिलं वर्ष तिने बघितलंय, आम्ही नाही.

मावसभाऊ माझ्यावर अजून घुश्शात आहे. ‘‘तुमच्याकडे ठीक आहे, तुम्ही विचारता,’’ तो म्हणाला. ‘‘इथे फार्मसीवाल्याने ‘डॉक्टरला शेवटचं कधी दाखवलं?’ विचारलं तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल.’’ मी म्हटलं, आम्हीही नेहमी विचारत नाही, मघाशी तेच सांगत होते. पण गोवा म्हणजे पंधरा-सोळा लाखांची वस्ती. बारा तालुके, सगळे मिळून किती फार्मस्या असतील? या गोळ्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर पुढच्या आढाव्याची तारीख लिहायची, आणि ती उलटली की दुकानाने एकदाच गोळी देऊन डॉक्टरकडे परत पाठवायचं, एवढा नियम करायला लंडनच्या कुठल्या संशोधनाची वाट बघायची? त्याचं उत्तर तयार होतं, ‘‘आणि तारखेला गेल्यावर ओपीडीत बघणार कोण, माणसं आहेत?’’ या प्रश्नावर माझी नि त्याची एकवाक्यता आहे. म्हणूनच मी त्याला २०१७ चा तो अभ्यास पाठवला. अजून उघडून बघितलेला नाही.