समुद्र दिसतो, पण कुठून?

गोव्यात विक्रीच्या जागांचं मी ड्रोनने चित्रण करतो. मांद्रेच्या बंगल्याच्या अशाच चित्रणावर मी लिहिलं, त्याखाली पेडण्याच्या एका वाचकांनी सुनावलं आहे: ‘तुम्ही ड्रोनवाले आमची शेतं, डोंगर नटवून परप्रांतीयांना विकता, आणि वर शेजाऱ्यांच्या परसात डोकावता.’

अहो बाब, आधी परसाचं. तुमचं वाचून व्हिडिओ परत लावला. बंगल्याला वळसा घालताना मागचं घर स्वच्छ दिसतं. दोरीवर कपडे, सुपात वाळत घातलेली सोलां, आणि वर बघणारी एक म्हातारी. मी बंगल्याच्या मालकाला विचारलं होतं, तिला नाही. चूक माझी. तेवढा भाग काढून टाकलाय. आता उडवायच्या आधी शेजारी जाऊन सांगतो.

नटवण्याचं मात्र निम्मंच मान्य. ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) ड्रोन 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटर नेता येतो. तिथून क्षितिज जवळजवळ 40 किलोमीटरवर असतं, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या कुठल्याही प्लॉटला समुद्र ‘लाभतो’. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या माणसाची नजर असते पाच-सहा मीटरवर, आणि समोर शेजाऱ्याचे माड. म्हणून मी ड्रोन गॅलरीच्या उंचीला आणून तिथूनही एक शॉट घेतो. एका बिल्डरच्या माणसाने तो बघून ‘हा कशाला?’ म्हटलं. पुढचं काम अर्थातच दुसऱ्याला गेलं.

व्हिडिओत प्लॉटभोवती पिवळी रेघ फिरते, तिच्यावरही विसंबू नका. ती एडिटिंगमध्ये काढलेली असते. साध्या ड्रोनचं जीपीएस दोन-चार मीटर सहज चुकतं. 15 बाय 20 मीटरच्या प्लॉटची लांब बाजू दोन मीटर सरकली की 40 चौरस मीटर इकडचे तिकडे! हद्द सर्व्हेच्या आराखड्यावर बघायची. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), सनद (शेतजमीन बांधकामाला वापरायची परवानगी) यांतलं तर काहीच वरून दिसत नाही, त्यासाठी एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि बाकीचे कागद.

पण वरून जे दिसतं ते खालून लपवता येतं, हे तुमच्या लक्षात आलं नाही असं वाटतं. गेल्या वर्षी एका खाजनालगतच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताजवळच्या, जमिनीचे मी मे महिन्यात फोटो काढले. सुकलेलं गवत, सपाट, बघणाऱ्याला वाटावं उद्याच पाया खणावा. जुलैत उघडीप मिळाली तशी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून परत काढले, तर अर्ध्या जमिनीत पाणी आणि त्यात बगळे. दोन्ही फोटो जमीन विकत घेणाऱ्याला दाखवले. सौदा मोडला. मालक अजून बोलत नाही माझ्याशी.

डोंगरकापणीचंही तसंच. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17अ प्रमाणे परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही की सखल जमिनीत भराव टाकता येत नाही. कापणी झाल्यावर ‘इथे आधीपासून सपाटच होतं’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला आधीचा, तारखेचा फोटो लागतो. माझ्या विक्रीच्या जुन्या चित्रणात असे कितीतरी डोंगर मागे उभे आहेत.

तुमच्याकडे असा फोटो काढून ठेवायचा डोंगर नेमका कुठे, ते कळवा. मोपा विमानतळ जवळ असल्याने आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघावा लागेल. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. जमलं तर ड्रोन आणतो, नाहीतर साधा कॅमेरा गळ्यात अडकवून तुमच्याबरोबर चढतो.